रेस्क्यू केलेली मोठी कुत्री घरी आणली आहे, पण ती दिवाणाखालून बाहेरच येत नाही

रानजाई | १४ जून २०२५

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण आमच्या नात्यागोत्यात कुत्रं पाळलेलं कोणी नाही आणि विचारणार कोणाला हा प्रश्न आहे.

२४ मे रोजी आम्ही पुण्याबाहेरच्या एका प्राणी निवाऱ्यातून कुत्री दत्तक घेतली. गावठी, काळी कुळकुळीत, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका. मुलाने नाव ठेवलं मिरी. दात बघून तिथल्या डॉक्टरांनी वय अंदाजे चार वर्षं सांगितलं. कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. गाडीने उडवल्यावर कोणीतरी तिला तिथे पोचवलं होतं. मागचा उजवा पाय भरून आला आहे, पण लंगडते. आठ महिने ती तिथेच होती. लोक यायचे, पिल्लं बघायचे, उचलून फोटो काढायचे. मोठी, काळी, लंगडी, वर कोपऱ्यात तोंड घालून बसलेली. तिच्या पिंजऱ्यापुढे कोणी थांबत नव्हतं. माझा मुलगा थांबला.

घरी आणल्यापासून ती दिवाणाखाली आहे. आज बावीस दिवस झाले. रात्री सगळे दिवे गेले की बाहेर येते, वाटीतलं संपवते, गॅलरीत जाऊन शू-शी करते आणि परत आत. दिवसा पाणीसुद्धा पीत नाही. केरसुणी हातात घेतली की सगळं अंग भिंतीला चिकटवते. यजमान हेल्मेट घालून दारात आले तर थरथर कापते. आणि भुंकणं नाही. एकदाही नाही. मला तर तिचा आवाज कसा आहे हेच ठाऊक नाही.

मी रोज तिच्यासमोर जमिनीवर पालथी पडून हात पुढे करते, हळू आवाजात बोलते. ती नजर फिरवते, जांभया देते. परवा तिचा हात धरून हळूच बाहेर ओढायचा प्रयत्न केला, तर तिथेच शू झाली. त्या रात्री मला झोप आली नाही.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याने बॉल आणला होता, तो तसाच पिशवीत आहे. सासूबाईंनी दोनच अटी घातल्या होत्या, देवघरात नको आणि ओट्यापाशी नको. मिरी तर दिवाणखान्यातही येत नाही. त्यात सोसायटीच्या गटावर निरोप आला आहे की कुत्रं ठेवायला कमिटीची परवानगी घेतली का.

मला एवढंच विचारायचं आहे. आम्ही तिच्यावर अन्याय तर करत नाही ना? तिथे निदान चार कुत्री सोबतीला होती.

पाचवा_मजला | १४ जून २०२५

रानजाईताई, आधी हात पुढे करणं बंद करा. आजपासून.

रागाने सांगत नाही. मीही हेच केलं होतं, माझ्या भुऱ्याच्या बाबतीत. आपल्याला वाटतं आपण प्रेम दाखवतो आहोत. त्याला दिसतं ते असं की एक मोठा प्राणी माझ्या लपायच्या एकुलत्या एक जागेच्या तोंडाशी आडवा पडला आहे, माझ्याकडे टक लावून बघतो आहे आणि पंजा आत घालतो आहे. तुम्ही जे जांभया देणं लिहिलंत ते झोपेचं नाही. जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही सगळी कुत्र्याची 'कृपा करून लांब राहा' म्हणायची रीत आहे. मिरी बावीस दिवस तुम्हाला सभ्यपणे सांगते आहे. गुरगुरलीसुद्धा नाही, यावरून तिचा स्वभाव ओळखा.

रेस्क्यूची कामं करणारी माणसं एक हिशेब सांगतात, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसतं भांबावलेपण, तीन आठवड्यांत घराचा रिवाज कळायला लागतो, तीन महिन्यांत हे घर आपलं आहे असं वाटू लागतं. हा ठोकताळा आहे, वेळापत्रक नाही. भुऱ्याला सात आठवडे लागले होते नुसते बैठकीच्या खोलीत यायला.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. दिवाण तिथून हलवू नका, ती तिची जागा आहे. त्या खोलीत जाऊन तिच्याकडे पाठ किंवा कूस करून बसा आणि आपलं काहीतरी करा. भाजी निवडा, वाचा. अधूनमधून न बघता उकडलेल्या चिकनचा तुकडा मागे टाका, हातातून भरवू नका. जेवणाची वाटी रोज त्याच वेळी, त्याच जागी, आणि ठेवताना तोच एक शब्द. केर काढायची वेळ ठरवून टाका आणि त्याआधी तिच्या खोलीचं दार लोटून घ्या. हेल्मेट बाहेरच काढून यायचं.

मुद्दा असा की भेदरलेल्या जनावराला प्रेमाआधी अंदाज लागतो. आता काय होणार हे त्याला आधी कळलं पाहिजे. रस्त्यावर तीनेक वर्षं काढलेल्या कुत्रीला अंदाज होता, कोणत्या हॉटेलवाल्याकडे कधी जायचं, कोण दगड मारतो. तुमच्या घरात तिला अजून काहीच ठाऊक नाही. रोजचं तेच ते, तिला कंटाळा येईल इतकं तेच ते होऊ द्या.

गोठा_ते_दवाखाना | १५ जून २०२५

मी पशुवैद्यक आहे, सातारा भागात. वरचा सल्ला उत्तम आहे. मी फक्त शरीराचं बोलतो, कारण पुष्कळदा 'भित्री आहे' म्हणून सोडून दिलेली कुत्री प्रत्यक्षात दुखण्यात असते.

पहिली गोष्ट, त्या पायाचा आणि कमरेचा एक्स-रे झाला होता का, कागद निवाऱ्याकडून मागून घ्या. जुना फ्रॅक्चर वाकडा जुळला असेल तर गुळगुळीत फरशीवर चालणं तिला जड जाणारच. दिवाणापासून वाटीपर्यंत आणि वाटीपासून गॅलरीपर्यंत गोणपाट, जुनी सतरंजी काहीही अंथरा. हे उद्याच करा, पैसा लागत नाही.

दुसरी, रक्त तपासून घ्या. गावठी कुत्र्यांत गोचीडतापाचं प्रमाण मोठं. गोचिडीतून एर्लिकिया, बबेसिया हे जंतू रक्तात जातात, प्लेटलेट घसरतात, भूक मंदावते, कुत्रं निपचित पडून राहतं आणि घरच्यांना वाटतं की रुळत नाही. वेळेत निदान झालं तर औषध आहे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी दवाखाना.

लसी. रेबीजची दरवर्षी. दुसरी एकत्रित लस डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस आणि लेप्टोसाठी असते. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून माणसालाही होतो, म्हणून ती टाळू नका. जंताचं औषध द्या.

घरातलं अन्न चालेल. भात किंवा ज्वारीची भाकरी, उकडलेलं चिकन किंवा अंडं, लाल भोपळा, गाजर, थोडं दही. तिखट-मीठ नको. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या हे कुत्र्याला विष आहे. आणि कृपा करून माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या देऊ नका. पाय दुखतो म्हणून अर्धी गोळी पोळीत घालून दिलेली आणि मग मूत्रपिंडं गेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

दवाखान्यात नेताना ओढून काढू नका. आदल्या दिवसापासून खोलीचं दार बंद ठेवा, दिवाणाखालीच पांघरुण घातलेला पिंजरा सरकवा, त्यात जेवण ठेवा. नाहीतर डॉक्टरांना घरी बोलवा.

बेदाणा_शेड | १५ जून २०२५

द्राक्षाचं डॉक्टरांनी लिहिलं ते मोठ्या अक्षरांत वाचा. आमच्या तासगाव भागात शेडवर कुत्री असतातच राखणीला. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाघ्याने सांडलेला बेदाणा खाल्ला. रात्री उलट्या, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. गेला. कोणाला माहीतच नव्हतं. आता शेडला जाळीचं दार आहे.

ठाणेकर_सखी | १७ जून २०२५

सोसायटीच्या निरोपाबद्दल. घाबरू नका आणि भांडूही नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली पाळीव प्राण्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत स्पष्ट आहे की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरायला मनाई किंवा वेगळे पैसे आकारणं हेही नाही. त्या सूचनांची प्रत काढा आणि सोबत रेबीज लसीचा दाखला आणि नसबंदीचा कागद जोडून नम्र पत्र द्या. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवानाही काढून टाका.

पण आपली बाजूही चोख हवी. जिन्यात, लिफ्टमध्ये पट्टा कायम. शी उचलायची, पावसातसुद्धा. ज्यांना भीती वाटते त्यांना लिफ्टमध्ये आधी जाऊ द्यायचं. आमच्याकडे सर्वांत जास्त विरोध करणारे काका होते, त्यांच्या आईला लहानपणी कुत्रा चावला होता. मी सहा महिने त्यांच्यासाठी लिफ्ट सोडत राहिले. ते आजही कुत्र्याला हात लावत नाहीत, पण तक्रार मागे घेतली.

अबोली_संध्याकाळ | १८ जून २०२५

लिहू की नको असं करत तीन दिवस घालवले. मी कुत्रं परत केलेल्यांपैकी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही दीड महिन्याचं पिल्लू आणलं. दोघंही घरी होतो, सगळं छान चाललं होतं. पुढच्या वर्षी ऑफिस सुरू झालं. दिवसाचे दहा तास ते एकटं. सोफा फाडला, दार कुरतडलं, रडण्याने शेजारी हैराण. आम्ही त्याला ज्यांच्याकडून आणलं होतं त्यांच्याकडे परत नेऊन दिलं. निघताना ते गाडीमागे धावलं नाही, नुसतं बसून बघत राहिलं. मला ते बसणं विसरता येत नाही.

रानजाई, तुम्ही परत देण्याचा विचार करत असाल तर मी तुम्हाला दोष देणार नाही, मला तो अधिकार नाही. पण एक सांगते. आमच्यापाशी वेळ नव्हता. तुमच्याकडे दिवसभर घरात माणूस आहे, सासूबाई आहेत. ती फार मोठी गोष्ट आहे. आणि जे अजून आणायच्या विचारात आहेत त्यांनी पिल्लाच्या डोळ्यांकडे बघण्याआधी स्वतःच्या आठवड्याकडे बघा. मोठ्या वयाचं कुत्रं बऱ्याचदा दिवसाचा मोठा भाग झोपून काढतं. पिल्लू म्हणजे तान्हं मूल असतं.

पाचवा_मजला | १८ जून २०२५

अबोली, तुम्ही त्याला रस्त्यावर सोडलं नाहीत, योग्य हाती परत दिलंत. रेस्क्यूवाले रोज जे बघतात त्यात हा फरक फार मोठा आहे.

रानजाई | २ जुलै २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. एक्स-रे निघाला. खुब्यापाशी हाड थोडं तिरपं जुळलं आहे. रक्तात एर्लिकिया सापडला, औषध चालू आहे. गोणपाट अंथरल्यावर दुसऱ्याच रात्री ती गॅलरीतून परत येताना वाटेत थांबून उभी राहिली, असं मुलाने चोरून पाहिलं.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे.

सासूबाई रोज संध्याकाळी पाच वाजता पाट घेऊन बसतात आणि वाती वळतात. कापूस पिंजायचा, राखेचं बोट लावायचं, वळायची, डब्यात ठेवायची. तासभर. गेली तीसेक वर्षं हे चालू आहे. पाठीला खिडकीचा वारा नको म्हणून त्या पावसाळ्यात आतल्या खोलीत बसतात, म्हणजे दिवाणाच्या खोलीत. त्यांना कुत्र्याचं प्रेम नाही आणि द्वेषही नाही. त्या मिरीकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, काही मागत नाहीत.

मंगळवारी मी चहा घेऊन गेले तर मिरीचं डोकं दिवाणाबाहेर होतं. बुधवारी पुढचे दोन पाय बाहेर. काल ती अख्खी बाहेर येऊन सासूबाईंच्या पाटापासून दोन हातांवर बसली होती, त्यांच्याकडे पाठ करून. मी दारातच थिजले. सासूबाईंनी मान वर न करता मला खुणेने सांगितलं, चहा तिथेच ठेव आणि जा.

मी महिनाभर जमिनीवर लोळून जे मिळवू शकले नाही ते त्यांना आपोआप मिळालं. पाचवा_मजला, तुम्ही 'अंदाज' हा शब्द वापरला होता. माझ्या सासूबाई म्हणजे चालताबोलता अंदाज आहेत.

रात्री जेवताना त्या म्हणाल्या, नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले होते, कोरडी खाऊ नको म्हणून. मी म्हटलं, पण डॉक्टरांनी तूप नको म्हटलंय. त्या म्हणाल्या, मग मी धावणार नाही.

लेस्टरची_वीणा | ५ जुलै २०२५

हे वाचून आमच्या 'बिजली'ची आठवण झाली. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड दत्तक मिळतात. संस्थेची माणसं आधी घर बघून गेली, कुंपण किती उंच आहे तेही मोजलं. मला तेव्हा जाच वाटला होता, आता पटतं.

बिजली साडेचार वर्षांची आली. तिचं सगळं आयुष्य कुत्र्यांच्या कोठड्यांत आणि शर्यतीच्या मैदानात गेलेलं. तिने जिना पाहिला नव्हता. पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून ती रडत उभी राहिली. काचेचं दार तिला दिसायचंच नाही, सरळ जाऊन आपटायची, मग आम्ही त्यावर रांगोळीच्या चिकटपट्ट्या लावल्या. धुण्याचं यंत्र फिरू लागलं की पळायची. आपण 'घर' म्हणतो ती वस्तू तिच्यासाठी परदेश होती. मी स्वतः इथे नवी आले तेव्हा बस थांबवायला हात करायचा की नाही हेही ठाऊक नव्हतं, आणि चुकलं की सगळे बघतात असं वाटायचं. मिरीचं दिवाणाखालचं बसणं मला त्यामुळे फार जवळून कळतं.

बिजलीला जिना चढवायला एक एक पाय हाताने उचलून ठेवत शिकवलं. बारा पायऱ्या, नऊ दिवस.

साधं_बोलणं | १४ ऑगस्ट २०२५

धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. मिरीसाठी बरं वाटलं. पण मला एक मन मोकळं करायचं आहे, कोणी राग मानू नका.

फेब्रुवारीत माझ्या भाच्याला क्लासला जाताना चौकातल्या कुत्र्यांनी घेरलं. पोटरीचा लचका तोडला. नऊ वर्षांचा मुलगा. सगळी इंजेक्शनं झाली, जखम भरली, पण तो अजून एकटा जिना उतरत नाही. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवा म्हटल्यावर आमच्या घरात सुटकेचा श्वास टाकला गेला. आणि माझ्या ओळखीतले प्राणीप्रेमी त्या दिवशी रडत होते. त्यांच्यापैकी एकानेही भाच्याची चौकशी केली नव्हती. मला दोन्हीकडचं दुःख दिसतं, पण आमच्या दुःखाला कोणी दुःख म्हणत नाही याचा त्रास होतो.

रानजाई | १४ ऑगस्ट २०२५

तुमचा भाचा कसा आहे आता? खरंच विचारते आहे. माझा मुलगा साधारण त्याच्याच वयाचा आहे, म्हणून वाचताना पोटात कालवलं.

तुमच्या दुःखाला मी दुःखच म्हणते. मिरीवर माझा जीव आहे म्हणून चावणारं कुत्रं मला निष्पाप वाटत नाही.

गोठा_ते_दवाखाना | १५ ऑगस्ट २०२५

साधं_बोलणं, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. भाच्याची इंजेक्शनं पूर्ण केलीत हे सर्वांत महत्त्वाचं. या निमित्ताने सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की वाचण्याची आशा जवळजवळ नसते, आणि त्याआधी उपचार झाले तर तो टाळता येतो.

चावा, ओरखडा, किंवा उघड्या जखमेवर चाटणं, काहीही असो. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना. दंडात घेतली तर लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत कातडीच्याच थरात देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम रक्ताळलेली असेल तर जखमेतच प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यावं लागतं, ते मागून घ्या. कुत्रं दहा दिवस जगतं का बघू आणि मग ठरवू, असं करू नका. लस सुरू करून मग बघा. पाळलेल्या कुत्र्याने चावलं तरी हेच.

आता वादाचं. मारून किंवा उचलून नेऊन कुत्री संपत नाहीत. कचरा तिथेच राहिला तर मोकळ्या झालेल्या जागेत नवी, लस न टोचलेली येतात. म्हणून २००१ च्या आणि नंतरच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि त्याच जागी सोडा असं आहे. पण ते काम ज्या प्रमाणात व्हायला हवं तसं झालेलं नाही, हे मी या क्षेत्रातला असून मान्य करतो. तुमच्या भाच्याचा चावा हा त्या न झालेल्या कामाचा चावा आहे.

मांडवीकाठ | १६ ऑगस्ट २०२५

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे हे काम झालेलं मी पाहिलं आहे. जाळी घेतलेली पोरं सकाळी सकाळी वाड्यावाड्यावर येतात, कुत्र्याला जाळीत घेतात, लस टोचतात, डोक्यावर रंगाची खूण करून सोडतात. शाळांमधून मुलांना शिकवतात, कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात छातीशी, नजर जमिनीकडे. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. भाच्याला ते झाडासारखं उभं राहणं घरात खेळ म्हणून शिकवून बघा. माझ्या मुलीची भीती त्याने कमी झाली, कारण आपण काय करायचं हे तिला कळलं.

गिरगावचा_जुना | १६ ऑगस्ट २०२५

हा वाद आजचा नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारायचा सपाटा लावला, दर कुत्र्यामागे बक्षीस ठेवलं, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि कोटातला, म्हणजे आजच्या फोर्टमधला, सगळा व्यवहार बंद पडला. त्यांच्या अंत्यविधीत प्रेताला कुत्र्याची नजर दाखवतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा प्रश्न होता. परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयाचं नावही एका पारशी बाईंचं. माझ्या लहानपणी चाळीतला जखमी मोती तिथे हातगाडीवरून नेला होता.

साधं_बोलणं | २४ ऑगस्ट २०२५

परवा, २२ तारखेला, न्यायालयाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्यांच्या जागी सोडायची, रेबीजची किंवा हल्लेखोर वगळून, आणि खायला घालायला ठरावीक जागा. डॉक्टरांचं वाचल्यामुळे या वेळी बातमी वाचताना मला नुसता संताप आला नाही. आमच्या वॉर्डात नसबंदीसाठी अर्ज कोणाकडे करायचा ते शोधतो आहे. चौकात पाच मादी आहेत आणि एकीच्याही कानाला खाच नाही.

भाचा झाडासारखा उभा राहायला शिकला. तुमच्या मिरीला बघायला यायचं म्हणतो. लांबून.

रानजाई | २४ ऑगस्ट २०२५

जरूर या. पाच वाजता या. तेव्हा ती पाटाशेजारी असते आणि तिला दुसरं काही सुचत नाही.

ठाणेकर_सखी | २५ ऑगस्ट २०२५

परवा गणपती बसतील. ढोल-ताशा आणि पुढे दिवाळीचे फटाके, याची तयारी आत्तापासून करा. मिरवणुकीच्या आधी फिरवून आणायचं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठा, आत तिची जागा अंधारी. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर शिवून टाका, कारण आवाजाने बिथरलेलं कुत्रं दार फटीएवढं उघडं मिळालं तरी निसटतं. दर दिवाळीत हरवलेल्या कुत्र्यांच्या चिठ्ठ्या भिंतींवर लागतात त्या अशाच. फार घाबरत असेल तर डॉक्टर आधीपासून द्यायची औषधं सांगतात, लाजू नका.

रानजाई | ९ नोव्हेंबर २०२५

बरेच दिवस आले नाही. पाच महिने पूर्ण झाले त्याचं सविस्तर लिहिते.

दिवाळीचे चार दिवस वाईट गेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती परत दिवाणाखाली गेली आणि मला वाटलं सगळं पुसलं गेलं. डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती दिली. मी मिरीशी काही बोलले नाही, नुसती पाठ टेकून रात्री दोनपर्यंत बसले. फटाके थांबल्यावर माझ्या पाठीला काहीतरी ऊबदार लागलं. मी वळले नाही.

आता ती सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून खाली येते. सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न पत्र दिल्यावर मिटला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दर शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन येतात, काळ्या कुत्र्याला घालायची म्हणून. पोळीचा एक तुकडा बिनतेलाचा असेल तर चालेल एवढं मी सांगितलं, त्यांनी ते मानलं. भाचा तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी मिरीने त्याचा बूट हुंगला आणि तो झाडासारखा उभा राहिला. नंतर मला म्हणाला, काकू, तिचं नाक ओलं असतं का नेहमी?

बॉल तिला कधीच कळला नाही. मुलाने तो वरच्या मजल्यावरच्या बाळाला देऊन टाकला. तो आता गृहपाठ जमिनीवर बसून करतो आणि ती त्याच्या दप्तरावर डोकं ठेवते. तिला सरकवायचं नाही म्हणून वही मांडीवर घेतो.

सासूबाई भाऊबीजेपासून दहा दिवस नणंदेकडे नाशिकला होत्या. पहिल्या दिवशी पाच वाजता मिरी आतल्या खोलीत गेली. पाट भिंतीला उभा होता. ती त्याच्यासमोर बसली आणि सहा वाजता उठली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पाट मांडून ठेवला. चौथ्या दिवशी पावणेसहाला ती भुंकली. एकदाच. जाड, घोगरा आवाज, माझ्या कल्पनेपेक्षा खूप मोठा. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर ती पाटाकडे बघत उभी होती.

मी लगेच फोन लावला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, तिला सांग, शनिवारच्या गाडीने येते. ठरलं होतं सोमवारी.

डॉक्टर, तुमच्यासाठी एक प्रश्न आहे, तो त्यांचाच आहे. थंडी पडू लागल्यापासून सकाळी उठताना मिरीचा पाय आखडतो. सासूबाई स्वतःच्या गुडघ्यांना लावतात ते तेल तिला चोळू का विचारतात. मी थांबवलं आहे.

गोठा_ते_दवाखाना | १० नोव्हेंबर २०२५

थांबवलंत ते योग्य. ते तेल ती चाटेल, त्यात कापूर किंवा विंटरग्रीन (गंधपुऱ्याचं तेल) असेल तर पोटात जायला नको. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खुब्यावर दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. आधी आपल्या मनगटावर धरून बघा, आपल्याला कोमट वाटली पाहिजे. झोपायला जाड गादी, फरशीपासून उचललेली. वजन वाढू देऊ नका, शनिवारची पोळी धरून. आखडणं आठवडाभरात कमी झालं नाही तर एक्स-रे घेऊन या, सांध्यासाठी कुत्र्यांची वेगळी औषधं आहेत.

शेक पाच वाजता द्या. पाटाशेजारी.